गोटीचं डोहाळेजेवण

भाजीच्या पुडीचा कागद कुरकुरला आणि दुपारच्या खोलीतली शांतता मोडली. एरवी या आवाजापाठोपाठ पलंगाखालच्या खोक्यातून एक लांब शिट्टी यायची. कोथिंबिरीचा वास गोटीला लगेच लागायचा. त्या दुपारी शिट्टी आली नाही. मी वाकून पाहिलं. ती जागी होती, पुढचे पाय जरा फाकवून बसलेली. कोथिंबिरीची काडी तोंडाशी नेली तर हुंगली आणि तोंड फिरवलं.

मी तिच्या पोटाखाली हात घातला. पोट टम्म, गरगरीत. मला हसू आलं. म्हटलं, लबाडे, हे असं आहे होय?

मला तेव्हा सातवा लागला होता. जगात दुसरं काही मला दिसतच नव्हतं.

गोटी म्हणजे गिनीपिग. मांजरीच्या पिल्लाएवढी, बिनशेपटीची, अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी. दत्ताराम भाऊजींनी तिला दिवाळीत कापडी पिशवीतून आणलं. ते परळला लशींच्या एका प्रयोगशाळेत जनावरं सांभाळायच्या कामावर, आणि मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीच्या कामात आमच्या यांचे जोडीदार. दोघं मिळून गिरगावभर भिंतींवर पोस्टरं चिकटवत हिंडायचे. "जास्तीची आहे, वहिनी. तिथं राहिली तर सुईखाली जाईल," एवढंच ते म्हणाले, आणि आमच्या नलूनं ती पिशवी जी छातीशी धरली ती सोडलीच नाही. नलूला सहावं सरत आलं होतं. नाव तिनंच ठेवलं.

निवडणूक तोंडावर होती. चाळीत शिवणयंत्र माझ्याकडेच, म्हणून समितीच्या पताका शिवायला दुपारी बायका आमच्या खोलीत जमायच्या. त्याच दुपारी मी त्यांना गोटीची बातमी सांगितली.

"कालिंदी, तुझं तर यंदा काही करता येत नाही," समोरच्या बकुळाकाकू दोरा दातानं तोडत म्हणाल्या. सासूबाईंना जाऊन सहा महिनेच झाले होते. वर्ष सरेपर्यंत घरात कसलं सोहळ्याचं नाव काढायचं नाही, असं हे मला आधीच सांगून बसले होते. नलूच्या वेळी माहेरची गरिबी आडवी आली, या वेळी सासूबाईंचं वर्ष. मी कुणाला बोलले नव्हते, पण हिरवी साडी, फुलांची वाडी, झाकल्या वाट्या, सगळं मनात मांडून झालं होतं.

"मग हिचं करू या," काकू म्हणाल्या. "हिची कुठली सासू गेलीय?"

"वाडी कुठं भरणार? हिला गळाच नाही," कोपऱ्यातल्या खोलीतली शैला म्हणाली.

"गळा नसेना, पोट आहे ना? डोहाळेजेवणात गळ्याकडं कोण बघतंय?"

बायका हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी खरंच पाट मांडला. माझ्या हिरव्या खणाची पट्टी कापून मी गोटीच्या पोटाभोवती गुंडाळली आणि पाठीवर गाठ मारली. शेवंतीची तीन फुलं डोक्यावर ठेवली, ती घसरून पडली, पुन्हा ठेवली. दोन वाट्या उपड्या घातल्या, एकीखाली गाजर, एकीखाली काकडी. गाजर निघालं तर मुलगे, असं ठरलं. मग ती सात जणींच्या मांडीवरून फिरली. प्रत्येकीनं तिला उचललं, कुंकू लावलं, डोहाळ्याची एक ओळ म्हटली.

"गोटीला बाळंतविडा मिळालाच पाहिजे," शैलानं मोर्च्यातल्यासारखी मूठ वर केली. खोलीत एकच हशा पिकला.

नलू माझ्या पदराला धरून उभी होती. "आई, तिचं पोट बघ. भात्यासारखं करतंय."

"दोन जिवांची आहे ती. दम लागतोच. मला नाही लागत जिना चढताना?"

"तू जिना चढतेस. ती तर बसलीय."

"नलू, जा, मशीनवरची कात्री आण बघू," मी म्हटलं.

ती गेली. कात्री आणली. मला कात्री नको होती.

रविवारी दत्ताराम भाऊजी आले. मी चहाचं आधण ठेवता ठेवता सगळं रंगवून सांगितलं, गाजर निघालं तेसुद्धा. ते नेहमी हसायचे, त्या दिवशी हसले नाहीत. त्यांनी गोटीला उचललं, पण पोटाला हात लावला नाही. आधी बोटानं तिचा वरचा ओठ उचलून पाहिलं. मग तिचे तळपाय आपल्या मुठीत धरले. मग पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला.

"वहिनी, दिवाळीपासून एकटीच आहे ना ही?"

"हो."

"यांना दोन-सव्वादोन महिने लागतात. दिवाळीला चार महिने होत आले."

मी हिशेब केला नव्हता. नऊ महिने, नऊ दिवस हेच माझ्या डोक्यात. जगातल्या प्रत्येक आईला तेवढेच लागतात, असं मी धरून चालले होते.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "हिरड्या जांभळट पडल्यात. पाय गार. पोट वाढलंय, पण पाठ वाळलीय, हाडं हाताला लागतात. पिल्लं असती तर अशी वाळली नसती. हे पाणी आहे. काळजाचं दुखणं असणार."

"तुमच्याकडं होतं असं कुणाला? तिथं काय करता मग?"

त्यांनी गोटीला खोक्यात ठेवलं. "तिथं काही करत नाहीत, वहिनी. काढून टाकतात."

चहा उतू गेला. स्टो मी बंद केला, एवढंच आठवतं. यांना दुसऱ्या दिवशी सभा होती. भाऊजीच म्हणाले, "माझी पाळी दुपारची आहे. सकाळी मी येतो तुमच्याबरोबर."

परळच्या जनावरांच्या इस्पितळात आमच्या पुढं व्हिक्टोरियाचा एक लंगडा घोडा होता आणि एक खोंड. नलू टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ट्राममध्येही तिनं ती कुणाला घेऊ दिली नव्हती. डॉक्टर पोक्त होते. टोपलीत डोकावून त्यांच्या भुवया वर गेल्या, पण थट्टा केली नाही. छातीवर नळी लावून ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. गिनीपिगाच्या छातीपेक्षा नळीचं तोंड मोठं.

"काळीज थकलंय," ते म्हणाले. "रक्त पुढं रेटत नाही, म्हणून पाणी साठतंय. फुफ्फुसाशीही थोडं आहे." मग माझ्याकडं पाहून, "इतक्यात हिला फार हाताळलं होतं का? दमवलं, घाबरवलं, पोटाला काही आवळलं?"

मी नलूकडं पाहिलं. नलूनं माझ्याकडं.

"थोडंसं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान हलवली आणि सुई तयार केली. त्या दिवशीच्या सात मांड्या नलूला मोजता येत होत्या. तिला शंभरापर्यंत मोजता येत होतं.

डॉक्टरांनी पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं आणि एक लहान बाटली हातात ठेवली. "सकाळी दोन थेंब, संध्याकाळी दोन. काळजाला जोर येतो यानं. तिसरा थेंब घालू नका, हेच विष होतं. खारट काही नको. उचलाउचल बंद, गर्दी बंद. झोपलेली असताना श्वास मोजा. वाढले तर तसंच उचलून आणा."

"बरी होईल ना?"

"बरी नाही होणार. सुखानं राहील. किती दिवस, ते नाही सांगता येत."

घरी आल्यावर बकुळाकाकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काळजाचं दुखणं माणसाला होतं गं, तेही मोटारवाल्यांना." पण संध्याकाळी स्वतःहून कोवळा लसूणघास घेऊन आल्या, दारातच ठेवला, आत आल्या नाहीत. पताकांचं काम मी शैलाच्या खोलीत हलवलं.

दुसऱ्या दिवशी खोक्यातलं गवत तीनदा बदलावं लागलं, इतकी ती ओली करत होती. चौथ्या दिवशी पोट ओसरलं. तेव्हा कळलं की खाली काहीच नव्हतं. कातडं आणि फासळ्या. मी तिला मांडीवर घेऊन बोटानं गाजराचा कीस भरवायचे. माझं बाळ आतून लाथ मारायचं, ती गोटीच्या अंगाला लागायची आणि ती कान हलवायची. त्या लाथेचीसुद्धा मला लाज वाटायची. हौस माझी होती. कुणी मला पाटावर बसवलं नाही, म्हणून मी एका आजारी जिवाला बसवलं. आणि ती ओरडली नाही, चावली नाही, म्हणून समजले की तिला आवडतंय.

पिल्लं नाहीत, हे नलूला सांगायला मला आठवडा लागला. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहितेय. काका बोलत होते तेव्हा मी दाराशीच होते."

श्वास मोजायचं काम तिनं घेतलं. शाळेतून आली की दप्तर ठेवून खोक्यापाशी पालथी पडायची. मी यांचं घड्याळ धरायचे, पाव मिनिट झालं की "बस" म्हणायचे. काल सतरा झाले होते. आज मी "बस" म्हटलं, तर ती आकडा सांगेना. तशीच पालथी पडून राहिली.

"किती झाले गं?"

"अठरा." मग खोक्यातलं गवत सारखं करत, "आई, मी त्या दिवशी तुला सांगितलं होतं ना, ती भात्यासारखं करतेय म्हणून?"

"हो, सांगितलं होतंस."

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत न समजलेलं गणित विचारावं, तशी.

"मग मी कसं सांगायला हवं होतं, म्हणजे तू ऐकलं असतंस?"