लाल वायर

"लाव आता, आणि कुठला लावलास ते मला सांगू नकोस," डोळ्यांवर रुमाल बांधून बसलेले कानसेन म्हणाले.

हे नाव दुकानाने दिलेलं. घरगुती ऑडिओच्या त्या दुकानात त्यांनी मान डोलावल्याशिवाय मालक एकही मशीन मागवत नसे. निवृत्तीचं वय उलटलं तरी नोकरी टिकली होती ती या कानांवर. आज मालकाने दोन महागडे सीडी प्लेअर घरी पाठवले होते. त्यांतला कुठला ठेवायचा ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

बायको वैतागली होती, पण वायरी बदलायला दुसरं होतं कोण? पहिला प्लेअर ऐकून ते म्हणाले होते, "चांगलाय, पण जरा गर्दी वाटते." तिने दुसरा लावला. आवाजाचं बटण हलवायचं नाही, ही त्यांची ताकीद. मोठा आवाज नेहमीच गोड वाटतो म्हणे.

"हां," कानसेन खुलले. "गर्दी ओसरली बघ. एकेक वाद्य सुटं झालं. याला म्हणतात मशीन!"

तिने खाली पाहिलं. पांढरी वायर दुसऱ्या प्लेअरला लागली होती, लाल मात्र पहिल्यालाच राहिली होती. उजवा स्पीकर मुका होता. अर्धं गाणं नव्हतंच, व्हायोलिन तर पार गायब. तिला हसू फुटणार होतं. जन्मभर चिडवायला पुरेल असा मासला हाती लागला होता. मग कानसेनांचा प्रसन्न चेहरा दिसला आणि ती घाबरली.

गुपचूप वायर खोचावी, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण उद्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर हे उघडं पडलं तर?

"अहो, उजवा स्पीकर बंद आहे."

"कधीपासून?"

"हा दुसरा लावल्यापासून. लाल वायर राहिली माझ्याकडून."

त्यांनी रुमाल सोडला नाही. डाव्या कानात बोट घट्ट घातलं आणि हाताने खूण केली. तिने वायर खोचली. व्हायोलिन खोलीभर झालं.

"लागली का?"

"लागली."

"लागली का गं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

फोन त्यांनी स्वतःच केला, डाव्या कानाला लावून. "साहेब, दोन्ही मशीन चांगली असतील. निवड आता दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. माझा उजवा कान गेलाय."

गेलं वर्षभर जेवताना ती काही विचारायची आणि ते ताटात बघत राहायचे. म्हातारपणी माणूस तुसडा झाला, असं तिने बहिणीला सांगूनही टाकलं होतं. त्याची तिला आता लाज वाटली. जेवायच्या वेळी तिने आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला ठेवली.

"मीठ कमी आहे का हो?"

"नाही," ते म्हणाले, "बरोबर आहे."