निळा दोरा

म्हाताऱ्या परांचीवाल्या मिस्त्रीला संस्थेने एका दिवसापुरतं बोलावलं होतं. बांधकाम शिकणाऱ्या बारा जणांना उंचीवरची सुरक्षा शिकवायची, कागदावर सही करायची, की सोमवारपासून सगळे सातव्या मजल्यावर. त्या बारांत त्याची पुतणीही होती.

कपाटातून सेफ्टी बेल्ट निघाले. ठेकेदाराने दान दिलेले. बेल्टच्या दोरीत एक पट्टी घडी घालून शिवलेली असते. माणूस पडला की तिचे टाके उसवत जातात आणि हिसका ती खाते. एकदा उसवली की बेल्ट मोडीत. इथे मळक्या पट्टीवर निळ्या दोऱ्याचे कोरे करकरीत टाके होते.

"हे कुणी शिवलं?"

"आपल्याच शिवणवर्गाने," संस्थेचे अधिकारी कौतुकाने म्हणाले. "नव्याला लाजवतील, नाही?"

"साहेब, हा घालून माणूस पडलाय."

"पडला आणि वाचला! म्हणजे माल खणखणीत. आता कीस काढू नका मिस्त्री, फोटोवाला खोळंबलाय."

मिस्त्रीने पट्टी नाकाशी नेली. पट्टीला कुणाच्या तरी घामाचा आंबूस वास होता. त्याने बाराच्या बारा तपासले. सातांना निळा दोरा. खिशातला चाकू काढून त्याने साती कापले.

"अहो, संस्थेची मालमत्ता आहे ती!"

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे परवडले, साहेब. ते मढं तरी स्वतः पाडत नाहीत."

"काका, काय केलंत हे!" पुतणी रडकुंडीला आली. "फोटो नाही तर सर्टिफिकेट नाही. सोमवारचं काम गेलं आमचं!"

"पाच उरलेत की," मागून कोणी तरी म्हणालं. "आळीपाळीने घालू."

"याला म्हणतात डोकं!" अधिकारी खूश झाले. "आणि सहीचं म्हणाल, तर आपले प्लंबर मास्तर करतील."

फोटोसाठी रांग लागली. ज्यांच्यासाठी चाकू चालवला तेच केस सारखे करत उभे. मिस्त्रीला थुंकावंसं वाटलं, पण तोंडच कोरडं पडलं होतं.

पुतणीची पाळी आली. तिने बेल्ट चढवला, आणि अचानक अधिकाऱ्यांना विचारलं, "सोमवारी वर हेच बेल्ट असतील ना, सर?"

"हे कसे? हे संस्थेचे. तिथे ठेकेदार देईल त्याचे."

"ज्याने हे दिले तोच?"

"तोच. भला माणूस आहे."

तिने एकेक बक्कल सोडलं, बेल्ट टेबलावर ठेवला आणि काकाशेजारी येऊन उभी राहिली.

रांगेतल्या पुढच्याने तो उचलला. "बरं झालं," तो म्हणाला, "लवकर आटपेल."