पडली का मूठ?

सेतुमाधवरावांनी तांदळाची बत्तिसावी मूठ डब्यात टाकली आणि हात थांबवला. मूठ कुणाची धरायची, हा प्रश्न त्यांना तेव्हा कुठे सुचला. त्यांच्या एका मुठीत हेमलताच्या दीड मुठी सहज मावत. मद्रासच्या जॉर्ज टाउनात डाळीच्या गोदामात अडतीस वर्षं पोती मोजलेल्या माणसानं माप न ठरवता मोजायला बसावं, याची त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी डबा पुन्हा पिशवीत उपडा केला, अंगठा आत दुमडून मूठ लहान केली, आणि एकपासून सुरुवात केली.

एकशे एकोणीस भरायच्या होत्या. सतरा आठवडे, दिवसाला एक. ज्या त्या दिवशी त्या न टाकण्यात त्यांचा फायदा काय होता म्हणाल, तर तो काही लहानसहान नव्हता. बायको वाचणार होती.

हा डबा बायकोचा, हेमलताचा. जुना, चौकोनी, बिस्किटांचा, पत्र्याचा. ती नगरकडची, ख्रिस्ती घरातली. नर्स होऊन मद्रासला आली आणि इथल्या चर्चमधल्या बायांकडून तिनं एक रीत उचलली. रोज भाताला तांदूळ घेतले की धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. वरची घालायची नाही, आपल्या जेवणातलीच काढायची. दर शनिवारी चर्चच्या मंडळीतली जेबामणी कापडी पिशवी घेऊन वेस्ट मांबलमची घरं फिरे आणि तांदूळ गोळा करून नेई. पुढं त्याचं काय होई, हे सेतुमाधवरावांनी कधी विचारलं नाही. ते तंजावरी मराठी, घरी देवांची फळी, कपाळाला गोपीचंदन. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हिचा देव त्यांच्या ताटातून जेवतो.

"तुमच्या नव्हे, माझ्या," हेमलता म्हणे. "तुमचं ताट मोजून घ्या हवं तर. तुम्हाला तेवढंच येतं."

"अस्कं येतं मला."

"अस्कं!" ती हसे. 'सगळं' म्हणायला तंजावरी माणसाला तीनशे वर्षांत दुसरा शब्द सापडला नाही, हा तिचा आवडता टोमणा. तिचं मराठी नगरचं, त्यांचं तंजावरचं, आणि दोघांचं भांडण मात्र तमिळमध्ये, कारण त्यात दोघांनाही सारखाच वेग होता.

ऑगस्टात तिच्या पोटातलं दुखणं कळलं. स्वादुपिंड. ती स्वतः नर्स, तिनं रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि यांच्या हातात देत म्हणाली की आता भात तुम्ही शिकून घ्या. ती खाटेवर पडून सांगे आणि ते ओट्याशी करत. पहिल्या दिवशीच तिनं बजावलं की मूठ चुकवू नका.

सेतुमाधवरावांनी तांदळात हात घातला. मग काढून घेतला. गोदामात ते एक गोष्ट शिकले होते: माल पोचल्याशिवाय समोरच्याला काही सोडायचं नाही. चाळीस वर्षं या घरातून मूठ गेली होती, एक दिवस खंड नाही. आता त्या देवाची पाळी. आधी तिला उभी करू दे, मग एक मूठ काय, अख्खं पोतं खांद्यावर घेऊन जाऊ. तोवर बंद. देवाशी याहून सरळ बोलणं त्यांना येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या देवाशी तर संकोच धरायचं कारणच नव्हतं.

पण हे तिला सांगण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी डब्याचं झाकण काढलं, खणकन आवाज होईल असं, आणि पुन्हा लावलं.

"पडली का मूठ?" आतून विचारणा झाली.

"पडली."

तेव्हापासून रोज सकाळी तेच. झाकण काढायचं, झाकण लावायचं, पडली म्हणायचं. शनिवारी जेबामणी यायच्या वेळेला ते औषध आणायला बाहेर पडत आणि औषध घेऊन झाल्यावरही मांबलम स्टेशनाच्या पुलावर उभे राहून चार-सहा गाड्या मोजत. पहिल्या शनिवारी घरी परतताना त्यांचे पाय जड झाले होते. डबा रिकामा निघाला, हे आत्तापर्यंत खाटेपर्यंत पोचलंच असणार. पण हेमलता नेहमीसारखी होती. जेबामणी काही बोलली नसावी. भिडस्त बाई, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पुलावर गेले.

कार्तिगैच्या दिव्यांच्या दिवशी हेमलताला जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून ती बाहेरच्या कठड्यावरच्या पणत्या बघत होती. मध्येच म्हणाली की आपण लग्नांना जायचो तेव्हा कसं करायचो. इथल्या कल्याणमंडपात पहिली पंगत उठायच्या आत जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं जाऊन उभं राहावं लागतं, नाहीतर तासभर थांबा. सेतुमाधवरावांना लोकांच्या पाठीमागं उभं राहायची लाज वाटे. ते मंडपात पंख्याखाली बसत. हेमलता पुढं जाई, एका खुर्चीवर स्वतः बसे, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवी आणि कुणी हात लावला तर डोळे वटारी.

"तसंच करते," ती म्हणाली. "मी पुढं जाऊन खुर्ची धरते. तुम्ही सावकाश या."

सेतुमाधवराव पायाशी बसून तिची नखं कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तिथं तुझी माणसं. मला उठवलं तर?"

"मी सांगेन ना, माझ्याबरोबर आहेत म्हणून."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. सौदा फिसकटला. दफनभूमीत पाळकांनी तमिळमध्ये सांगितलं की ही झोपली आहे, हाक येईल तेव्हा उठेल. सेतुमाधवराव नीट ऐकत होते. बोलणं त्यांना पटण्यासारखं होतं. फक्त तारीख दिली नाही, एवढंच खटकलं. त्यांच्याकडच्या रीतीत निदान दिवस ठरलेले असतात. दहावा, बारावा, मासिक. माणूस कुठवर पोचला ते सांगता येतं. हिच्यासाठी यातलं काही करायचं नव्हतं. ती मातीत ठेवली होती आणि चपलेला लागलेली ती लाल माती त्यांनी अजून झटकली नव्हती.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. मंडळीच्या बाया डब्यांतून जेवण आणत. लिंबाचा भात, ताकभात, बटाटा. मुलगी, शरण्या, वाढत होती. पहिल्याच घासाला सेतुमाधवरावांनी शीत बोटांत दाबून पाहिलं आणि जाड आहे, रेशनचा आहे, असं तिला सांगितलं. पुढं मुकाट्यानं जेवले. भूक लागते याचाच त्यांना राग आला होता.

खरा घोर पुढं लागला. हेमलताचं म्हणणं खरं धरलं तर ती आता अशा ठिकाणी होती जिथून सगळं दिसतं. म्हणजे डबाही दिसत असणार. एकशे एकोणीस वेळा वाजवलेलं झाकण, एकशे एकोणीस वेळा म्हटलेलं पडली. आणि तिचं म्हणणं खोटं धरावं, तर ती कुठंच नव्हती. या दोहोंपैकी काय बरं, हे त्यांना रोज सकाळी भात टाकताना ठरवावं लागे, आणि रोज ते एकाच बाजूनं झुकत: असू दे तिथं. रागावलेली असू दे. पर्स उचलून घेतली असेल तर ती खुर्ची दुसऱ्या कुणी घेतली असेल. पण असू दे.

शरण्यानं त्यांना अंबत्तूरला आपल्याकडं न्यायचं ठरवलं. पोंगल झालं की घर रिकामं करायचं. भांडी बांधताना डबा हातात आला आणि मग सेतुमाधवरावांनी दुकानातून पाच किलो पोन्नी तांदूळ आणला, चांगला, जुना. थकलेलं सगळं एकदम भरून टाकायचं आणि डबा जेबामणीच्या स्वाधीन करायचा. एकशे एकोणिसावी मूठ पडली तेव्हा डबा काठोकाठ आला होता. अंगठा दुमडून दुमडून दुखत होता. झाकण लावलं तर वाजलंही नाही.

शनिवारी जेबामणी आली. साठीची, सडपातळ बाई, गुडघ्यानं अधू. एका खोलीत एकटी राही. या वेळी सेतुमाधवराव पुलावर गेले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि डबा आणून तिच्या पायाशी ठेवला.

"अम्मा, हे बाकी राहिलेलं," ते तमिळमध्ये म्हणाले.

तिनं झाकण उघडलं. तांदळात बोटं बुडवली आणि काढली.

"बाकी काही नाही, अय्या. तुमच्या घरचं दर आठवड्याला पोचलंय."

सेतुमाधवरावांना वाटलं, भिडेखातर बोलते आहे. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं, गोदामाच्या मालकापुढं चोरी कबूल करावी तसं, आकड्यासकट. सतरा आठवडे. झाकण. पडली. ती कॉफीचा टंबलर दोन्ही हातांत धरून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नवीन ऐकल्यासारखं दिसत नव्हतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "अक्कानंच सांगितलं होतं."

"हेमानं?"

"पहिल्याच शनिवारी. मी डबा आणायला उठले तर म्हणाली, डबा रिकामा असेल, अय्यांना काही विचारू नकोस. पत्र्यावर तांदूळ पडला की आवाज होतो, तो होत नाही, म्हणाली. नुसतं झाकण वाजतं." जेबामणी हसली. "चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. नर्सचा कान."

सेतुमाधवराव आतल्या खोलीच्या दाराकडं पाहत राहिले. खाट तिथं होती, गादी गुंडाळलेली.

"तिला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी वाटलं म्हणे, आपल्यालाच ऐकू आलं नसेल."

दुसऱ्या दिवशी म्हणजे ऑगस्टात. खुर्ची धरते म्हणाली ती पणत्यांची संध्याकाळ त्यानंतर तीन महिन्यांची. सेतुमाधवरावांनी हे दोन्ही दिवस मनात शेजारी शेजारी ठेवले, आणि मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"रागावली नाही?"

"रागावली कशाला? मला म्हणाली, हे रोज उठून माझ्यासाठी झाकण उघडतात. मी आहे तोवर उघडू देत."

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. जेबामणी पुढं सांगत होती. फक्त घरची मूठ खंडायला नको, एवढं अक्काचं म्हणणं होतं. तू टाकशील का आमच्या वाटची, असं तिनं विचारलं आणि जेबामणीनं टाकली. एक आपल्या घरची, एक यांच्या घरची.

"तुम्ही तर एकट्याच," सेतुमाधवराव म्हणाले. एका माणसाच्या भातातून दोन मुठी काढल्या तर मागं काय उरतं, हा हिशेब त्यांना बोटांवर करावा लागला नाही.

"संध्याकाळी इडली असते कोपऱ्यावर," ती म्हणाली, आणि विषय तिथंच ठेवून टंबलर खाली ठेवला.

"आणि तो तांदूळ जातो कुठं? मी कधी विचारलंच नाही."

"ज्या घरात कुणी गेलं असेल तिथं. चूल पेटत नाही ना तीन दिवस. आम्ही शिजवून नेतो." मग ती जरा ओशाळली. "तुमच्याकडं आणला तेव्हा माझ्या मनाला लागलं होतं. माझा रेशनचा, जाड. तुम्हाला बारीक लागतो, अक्का सांगायची."

सेतुमाधवरावांनी उजव्या हाताच्या बोटांकडं पाहिलं. मग तो हात मांडीवर पालथा ठेवला.

त्यांनी पोन्नी तिला घरी न्यायला सांगितला. तिनं ऐकलं नाही. डब्यात पडलं ते पडलं, ते मंडळीचं. कापडी पिशवीत डबा उपडा करून, बुडाशी दोनदा थोपटून तिनं तो त्यांच्या हातात परत दिला. अंबत्तूरलाही मंडळी आहे, एवढंच म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. सेतुमाधवराव पिशवी घेऊन तिच्यामागून तीन जिने उतरले, रिक्षा होईपर्यंत थांबले, आणि पुन्हा वर आले.

साडेदहा वाजले होते. त्यांनी एकट्याचे तांदूळ मापून घेतले. धुवायच्या आधी त्यात हात घातला, आणि आज अंगठा दुमडला नाही. आपली स्वतःची, पुरती मोठी मूठ काढली. झाकण उघडलं. तांदूळ रिकाम्या पत्र्यावर पडला तो पावसाच्या सरीसारखा वाजला, आणि आतल्या खोलीपर्यंत गेला. ते थांबले. कुणी विचारलं नाही.

"पडली," ते म्हणाले.

मग ओट्याशी उभ्या उभ्या त्यांनी जुन्या सवयीनं मेळ घातला. अडवून धरली त्यांनी. मागितली हेमलतानं. भरली जेबामणीनं, आपल्या ताटातून, एकशे एकोणीस दिवस. आणि जेवलं कोण, तर तेच.