दगडाचा घाम

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत बिंदुमाधवकाकांचं छोटं दत्तमंदिर आहे. पूजा ते स्वतःच करतात. त्यांची पुतणी ईशानी विद्यापीठात नदीकाठच्या घाटांच्या दगडांवर संशोधन करते. तिचा निबंध परदेशात छापून आला, तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले आणि शहरातल्या मोजक्या मराठी मंडळींसमोर तिचं भाषण ठेवलं.

ईशानी तासभर इंग्रजीत बोलली. पडद्यावर आलेख दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. शेजारच्या शरदिनीकाकूंनी तर तिची दृष्ट काढली.

घरी परतताना काका तिला मंदिरात घेऊन गेले. कोपऱ्यात ऑइल पेंटचे नवे डबे रचून ठेवले होते.

"एका भक्तानं दिलेत. सोमवारी मजदूर येतील. हे सगळे खांब एकदम चकाचक! दगडाची काळजी घ्यायला तुझ्याकडूनच शिकलो बघ."

ईशानी डब्यांकडे बघतच राहिली. "काका, मी आज काय बोलले?"

"फार छान बोललीस."

"पण काय बोलले?"

काकांनी एक डबा उगाच सरळ केला. मग हळूच म्हणाले, "दगडाबद्दल."

"दगडाला रंग लावू नका, एवढंच तर सांगत होते मी! विचारलं का नाहीत?"

"भर सभेत तुझा काकाच म्हणाला असता की मला काही कळलं नाही, तर कसं दिसलं असतं?"

तिचा राग तिथेच विरला. ती पायरीवर बसली, काकाही शेजारी टेकले. उकाड्यानं त्यांचा कुर्ता भिजून पुन्हा वाळला होता, पाठीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

"काका, हे पांढरं काय?"

"घामाचं मीठ."

"या खांबांचंही तसंच आहे. जमिनीतली ओल ते वर ओढतात. पुराचं पाणी चढतं तेव्हा तर पोटभर पितात. मग ते पाणी बाहेर येऊन उडून जातं, मीठ मागं राहतं."

"म्हणजे दगडाला घाम येतो?"

ईशानी अडखळली. असं वाक्य तिच्या मार्गदर्शक बाईंनी लाल शाईनं खोडलं असतं. "तसंच समजा. आता त्या घामावर रेनकोट चढवला तर?"

"अगं, जीव घुसमटेल. घामोळं येईल!"

"घामोळं नाही, पण पाणी कोंडतं. मीठ रंगाच्या आतच साचतं, फुगतं आणि दगडाचं वरचं पापुद्र्यासारखं साल ढकलून पाडतं."

काका उठले. एका जुन्या खांबाच्या पायथ्याशी कधीकाळी कुणीतरी हिरवा रंग लावला होता. त्यांनी तिथं नुसतं बोट लावलं, तर रंगासकट चुनारच्या खाणीतल्या दगडाची कपची हातात आली. मागं पांढरी भुकटी होती. ती त्यांनी चिमटीत चोळून पाहिली.

"आजोबांच्या वेळचा खांब हा," ते म्हणाले. "आणि मी सगळ्यांनाच रंगवायला निघालो होतो."

सोमवारी रंगारी आले, आणि रंग देणारे गृहस्थही. खांब रंगवायचे नाहीत म्हटल्यावर गृहस्थांना राग आला. काकांनी त्यांना खांबापाशी नेलं आणि आपली पाठ दाखवून हिंदीत सगळं समजावलं. ईशानी मागं उभी राहून ऐकत होती. काका म्हणाले, दगड रात्रीच पाणी पितो. तिनं हळूच दुरुस्त केलं, "कधीही पितो, काका." बाकी सगळं बरोबर होतं. रंग शेवटी लोखंडी कठड्याला लागला, गृहस्थ प्रसाद घेऊन गेले.

त्या आठवड्यात ईशानीनं भाषण मराठीत नव्यानं लिहायला घेतलं. पहिलं पान काकांना दिलं आणि बजावलं, कळलं नाही तर लाजायचं नाही. काकांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. दुसऱ्याच ओळीला थांबले.

"ईशानी, ही 'सच्छिद्रता' कोण?"

ती हसत त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "खोडा तिला. तुमच्या शब्दांत सांगा, मी लिहिते."