सात नंबरच्या इमारतीचं पाणी

सकाळपासून मिस्त्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता. भिंतीची सरळ रेष बघायचा ओळंबा तिसऱ्या मजल्यावर विसरला, तो आणायला वर गेला आणि नुसताच खाली आला. आज त्याची थोरली बहीण, आक्का, आपलं नवं घर बघायला येणार होती.

वसाहतीत बारा इमारती उठत होत्या. अकरा ऐपतदारांच्या, सात नंबरची तेवढी, नियमच आहे म्हणून, कमी मिळकतीच्या माणसांची. शाळेत झाडलोट करणाऱ्या आक्काला अकरा वर्षं वाट पाहिल्यावर सोडतीत तिथल्या तिसऱ्या मजल्याची चिठ्ठी लागली होती. भाड्याची खोली वर्षअखेर सोडायची होती.

नव्या काँक्रीटला आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. हे मिस्त्रीला बापाने शिकवलं होतं. पण टँकर यायचा एक, आणि गिऱ्हाइकांना दाखवायच्या नमुन्याच्या घरापुढची हिरवळ सुकून चालत नव्हती. मग सात नंबरचं पाणी तिकडे वळायचं. "तिथं कोण राहणार आहे?" बांधकामावरचे साहेब म्हणायचे. सगळे हसायचे, मिस्त्रीही हसायचा. पहिले दोन मजले असेच कोरडे चढले.

चिठ्ठी निघाली त्या दिवसापासून मात्र तिसऱ्या मजल्याच्या खांबांना ओलं गोणपाट गुंडाळलं गेलं. स्लॅबवर मातीचे वाफे बांधून पाणी भरलं गेलं. मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत स्वतः बादल्या वाहायचा.

आक्का दुपारी आली. खिडकीच्या जागेतून तिने वारा अंगावर घेतला, स्वयंपाकाचा ओटा कुठे येणार ते दोनदा विचारलं आणि डोळे पुसले.

उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती थबकली. "धाकट्या, इथं गोणपाट कसं नाही रे?"

"ते मजले झाले. तेव्हा पाणी नव्हतं गं. तुझ्या घराला मात्र मी एक दिवस चुकवला नाही!"

त्याला वाटलं, आक्का पाठ थोपटेल. तिने कमरेची किल्ली काढली, सोडायच्या खोलीचीच, आणि खांबावर ओढली. भुरभुर पीठ पडलं. खांबाच्या बुडाशी एक तडा तिरपा वर चढला होता.

"खालचं पडलं तर माझं घर काय हवेत तरंगेल?"

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "उद्या पालिकेची तपासणी आहे. आज गिलावा करून टाकतो, तडे दिसणार नाहीत. तुला किल्ली मिळेल आक्का, खोली सोडायचीय ना तुला?"

"आणि या दुसऱ्या मजल्यावर कोण येणार?"

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे माझ्यासारखीच ना रे!" आक्काने किल्ली कमरेला खोचली. "इतकी वर्षं थांबले, आणखी थांबेन. शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकेन. पण या खांबावर गिलावा चढवलास तर मला बहीण म्हणू नकोस."

 साहेबांच्या त्या बोलण्यावर आपणही हसलो होतो, ही गोष्ट मिस्त्रीला आत कुठेतरी सलत राहिली. मग त्याने खिशातला खडू काढला. तळमजल्यापासून एकेका तड्याभोवती गोल काढत गेला. एकेचाळीस निघाले.

साहेब धावत आले. "मिस्त्री, वेड लागलंय का? उद्या तपासणीची माणसं येणार! पुसा ते, गिलावा मारा."

"नाही मारणार. उद्या त्यांना हेच दाखवणार."

"कामावरून काढीन!"

"काढा. खडूचं काम झालंय माझं."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, सात नंबरसाठी कशाला स्वतःच्या पोटावर पाय देताय? तिथं कोण..."

वाक्य पुरं झालं नाही. जिन्याच्या पायरीवर आक्का बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि हात जोडून म्हणाली, "मी राहणार आहे साहेब, तिसऱ्या मजल्यावर. खाली कोण राहणार, त्यांची नावं तेवढी द्या. उद्याच्या तपासणीला त्यांनाही घेऊन येते."

पलीकडे नमुन्याच्या घरापुढे हिरवळीवर पाण्याचा फवारा चालूच होता.