शेवटच्या अकरांतली एक

सुदेशने रुमालाची घडी माझ्या टेबलावर उलगडली आणि म्हणाला, "मॅडम, ह्यां जरा बघा."

रुमालात एक पितळी पाटी होती, बिस्किटाच्या पुड्याएवढी. इतकी लखलखीत की तिच्यात मला माझं नाक दिसलं. वर कंपनीचं ठसठशीत नाव होतं, गावाचं नाव होतं. खाली जिथे गाडीचा नंबर असायचा, तिथे नुसतं पितळ.

"नंबर कुठाय?"

"तोच तर गेलो," सुदेश म्हणाला आणि समोर खुर्ची असून उभाच राहिला.

सुदेश मेस्त्री, मुक्काम पोस्ट देवगडजवळचं एक गाव आणि सध्या रिग्गईतली एक खोली, जिच्यात पाच जण झोपतात. एकोणीस वर्षं कुवेतमध्ये. आमचे मालक यूसुफ यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे, आणि शुवैखच्या त्यांच्या गॅरेजात त्या गाड्या जिवंत ठेवण्याचं काम सुदेशचं. मी मिरकाबच्या ऑफिसात बसून त्या गाड्यांचे कागद सांभाळते. माझं इंग्रजी चांगलं आहे, त्याचे हात चांगले आहेत. दोन्हींतल्या कशाला जास्त किंमत मिळते ते सांगायला नको.

चौदा महिन्यांपूर्वी या पाटीची गाडी लाकडी खोक्यात आली तेव्हा ती गाडी आहे हे सांगावं लागत होतं. अ‍ॅल्डरिज मोटर वर्क्स, मिशिगन. माझ्या पत्रव्यवहारातून तिचा इतिहास हळूहळू जमला आणि दर गुरुवारी सुदेश हिशेबासाठी ऑफिसात येऊन तो ऐकायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. मी वाचायची आणि मराठीत सांगायची. अ‍ॅल्डरिज बंधू आधी विहिरीच्या पंपांची इंजिनं करत, मग होड्यांची. इंजिन असं की सरोवरावरचे कोळी डोळे झाकून विकत घेत. मग सगळेच मोटारी करायला लागले म्हणून यांनीही केल्या, आणि तिथेच बुडाले. इंजिन उत्तम, पण गाडी विकायची अक्कल नाही. सात वर्षांत तीनशे एक गाड्या, आणि कारखान्याला कुलूप.

"मगे?" सुदेशने विचारलं होतं.

मग कामगारांनी मागच्या दाराने आत जाऊन उरलेल्या सुट्या भागांतून आणखी अकरा गाड्या जोडल्या. पगार नव्हता. नंबर ठोकायचे शिक्केसुद्धा लिलावात गेले होते, म्हणून त्या अकरांच्या पाट्यांवर नंबर हाताने, सुईच्या टोकाने कोरलेले आहेत.

 हे ऐकल्यापासून सुदेश त्या इंजिनाला 'ह्यां' न म्हणता 'ह्यो' म्हणायला लागला, घरच्या माणसासारखं.

आमची गाडी त्या अकरांतली होती. पाटीवर काळ्या मळाखाली सुईचे ओरखडे होते. बॅटरी तिरपी धरून मी पहिले दोन आकडे, तीन आणि शून्य, वाचले होते, शेवटचा तीन की आठ ते कळत नव्हतं. फोनवर काढलेला फोटो म्हणजे नुसता काळा डाग. तिकडच्या इतिहास मंडळाला नोंदीसाठी नीट फोटो हवा होता, या गुरुवारपर्यंत. यूसुफने जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"घासलीस कशाने?" मी विचारलं.

"दसरो होतो मॅडम. हत्यारां पुजतत, इंजिनाक हळदकुंकू लावतत. पाटी काळी कशी ठेवू? चिंच नि मीठ लावन घासलंय, घराकडे समई घासतत तशी. मगे बफाच्या चाकावर धरलंय." थांबून तो हलकेच म्हणाला, "तुमी पण म्हटलात, फोटोसाठी साफ कर म्हणान."

म्हटलं होतं. फोनवर, जाता जाता. 'सुदेश, पाटी जरा चकचकीत करून ठेव.' चकचकीत हा माझाच शब्द. नंबर सुईने कोरलाय हे मला त्याच्याइतकंच माहीत होतं, आणि तरी मी तो शब्द वापरला.

 नवऱ्याची नोकरी जूनमध्ये गेली आहे. घरातल्या तिघांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझ्या एकटीच्या नोकरीवर आहे. मुलगी दहावीत.

"ऐक," मी आवाज खाली आणला. "इथे खालच्या गल्लीत शिक्के कोरणारा आहे. सुईने तीनशे आठ कोरून घेऊ. कोणाला कळणार आहे?"

सुदेशने पाटीकडे पाहिलं.

"तीन होतो काय आठ, तुमका तरी ठावक आसा?"

"नाही."

"मगे? त्या मानसांनी पगार नसताना गाडी उभी केली, नि मी तेच्यावर खोटो आकडो घालू? नाय जमाचा माका."

मला त्याचा रागच आला. एवढं तत्त्व कोणाला परवडतं?

यूसुफच्या केबिनमध्ये आम्ही दोघं गेलो. यूसुफ वाईट माणूस नाही. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता, म्हणून तोडकंमोडकं हिंदी येतं. पाटी हातात घेऊन त्यांनी ती खिडकीकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किसने बोला साफ करने को?"

मी फाइल छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

"किसीने नही बोला, बाबा," सुदेश म्हणाला, इथे मालकाला बाबाच म्हणतात. "मेरा ही गलती."

मी तोंड मिटलं.

लिफ्टमध्ये मी त्याला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेवन काय होणार? दोघांचा काम गेला असता. तुमची पोरगी शाळेत आसा, तुमच्या साहेबांची नोकरी नाय. माजी साठी इली, आज ना उद्या जावचाच होता." मग तो हसला. "पण गाडी चालू झाली हां मॅडम. पयल्या फटक्यात. ता कोण पुसतलो?"

मला परत वर जाता आलं असतं. सहावा मजला, लिफ्ट रिकामी. रोज त्या लिफ्टमध्ये शिरताना ते मला आठवतं आणि रोज मी स्वतःच्या मजल्याचंच बटण दाबते.

मंडळाला मी कळवलं. त्यांनी नोंदीत लिहिलं, 'दावा सिद्ध होत नाही.' त्या कामगारांनी कुलूपबंद कारखान्यात काय केलं होतं, त्याचा आमच्याकडचा पुरावा ती एक पाटीच होती. आठवड्याने यूसुफने सुदेशला सोडायचं ठरवलं. हक्काचं सगळं दिलं, वर विमानाचं तिकीट. हुसेन नावाचा एक रायगडचा मेकॅनिक त्याच्या जागी आला. सुदेशने त्याला दोन दिवस बसवून इंजिनाचं सगळं समजावलं, कोणता नट किती आवळायचा इथपर्यंत.

त्याचे एक्झिटचे, म्हणजे देश सोडायचे, कागद करायचं काम माझंच. कारणाच्या रकान्यात यूसुफने सांगितलेला इंग्रजी शब्द मी टाइप केला. त्याचा अर्थ निष्काळजीपणा.

सुदेश थेट गॅरेजातून आला. कागदावर वाकला, पण हात लावला नाही. नेमका तोच रकाना त्याने दाखवला.

"हय काय लिवलेला आसा?"

"काँट्रॅक्ट संपलं, असं," मी म्हणाले.

"बरा झाला. गावात कोणी इचारल्यान तर तसाच सांगतलंय."

मग त्याने दोन्ही हात पँटला मागून नीट पुसले, कागदाला डाग लागू नये म्हणून, आणि मी दाखवलेल्या जागी मराठीत आपलं पूर्ण नाव लिहिलं. सुदेश वासुदेव मेस्त्री. सावकाश, एकही काना-मात्रा न चुकवता.