हलक्या कामाची खोली

कारखान्यात माणूस जखमी झाला की पहिला फोन दवाखान्यात जातो आणि दुसरा आमच्या ऑफिसात येतो. काही मालक घाईघाईत हा क्रम उलटाही करतात. आमचं ऑफिस फरशीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. सहा टेबलं, पाणी गळणारा एक एसी आणि भिंतभर फायली. कामावर दुखापत झाली तर कामगाराला घरी बसून पगाराचा हिस्सा मिळतो, औषधपाणी मिळतं, ऑपरेशन लागलं तर तेही होतं, आणि हे सगळं मालकाच्या खिशातून जातं. ते कमीत कमी जावं हे बघायचं काम आमचं. ऑफिसात मला मागून ‘कात्री’ म्हणतात. मागून कशाला, तोंडावर म्हटलं असतं तरी मला राग आला नसता. एकोणीस वर्षं मी हे काम केलं आणि चांगलं केलं, आता उगाच साळसूदपणा कशाला.

हलक्या कामाची खोली ही माझीच कल्पना. नियम असा की, डॉक्टरनं ‘हलकं काम चालेल’ असं लिहिलं आणि मालकानं तसं काम देऊ केलं, तर कामगारानं सात दिवसांत हजर व्हायचं. नाही झाला तर भरपाई बंद. मालक कुरकुरायचे, म्हणायचे, अहो, आमच्याकडे हलकं काम आहे कुठे? मी म्हटलं, काम नसू दे, खोली आहे ना? एक टेबल, एक खुर्ची, तोंड भिंतीकडे. कागदावर लिहायचं ‘नोंदी ठेवणे’, आणि नोंदवायला काही द्यायचंच नाही. फोन बाहेर जमा. आठ तास. आयुष्यभर हातानं कामं केलेला माणूस अशा खोलीत दोन-तीन आठवडे टिकतो. मग तो स्वतःच राजीनामा लिहितो, किंवा यायचा बंद होतो, आणि फाईल मिटते. कोणी कोणाला हाकललं नाही की आवाज चढवला नाही. चौदा कारखान्यांनी ती खोली केली. मला त्याबद्दल पगारवाढ मिळाली आणि ती मी घेतली.

त्या चौदातला एक कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. माझा धाकटा भाऊ तिथे बावीस वर्षं कटिंग मशीनवर. एका सकाळी कागदाचा रोल गाड्यावरून घसरला, आणि तो खाली पडू नये म्हणून या शहाण्यानं उजव्या हातानं अडवायला बघितलं. रोल पडायचा तो पडलाच, याचा खांदा मात्र कामातून गेला. डॉक्टरनं चित्र काढून समजावलं. खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला आहे. चार महिन्यांच्या आत जोडला तर हात पूर्वीसारखा होईल. त्यानंतर तो आक्रसत जातो आणि मग जोडायला काही उरत नाही. ऑपरेशनचा खर्च धाकट्याला सात जन्मांत झेपणारा नव्हता आणि मलाही नाही. दावा मंजूर झाला तर हात राहणार, नाहीतर जाणार, एवढं साधं होतं.

फाईल आमच्याच ऑफिसात आली. सख्ख्या भावाची फाईल मी हाताळणं शक्य नव्हतं, म्हणून मी ती टाचणीकडे दिली. टाचणी म्हणजे पलीकडच्या टेबलावरची मुलगी. कागद टाचण्यात आणि माणसं टोचण्यात पटाईत, दोन्ही माझ्याकडूनच शिकलेली.

“सर, नेहमीसारखंच चालवू ना?” तिनं विचारलं.

त्या क्षणी मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण आजूबाजूच्या चार टेबलांवरची डोकी वर झाली होती, आणि शिवाय मला वाटलं, याची केस खरी आहे, खऱ्याला भीती कशाची? एकोणीस वर्षं खऱ्या केसेस मोडण्यात घालवलेल्या माणसाला असं वाटावं, म्हणजे बघा. मी म्हटलं, “नेहमीसारखंच.”

रविवारी धाकटा बायकोसह घरी आला. भावजय एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर उभी असते. बोटांच्या टोकांना भाजल्याचे जुने डाग. ती खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही त्याच ऑफिसात आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत हो. नाहीतर आम्हाला कोण विचारतंय?”

मी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आठवड्याभरात हलक्या कामाचं पत्र आलं. मजकूर शब्दनशब्द माझा, खाली सही टाचणीची. मी धाकट्याला समोर बसवलं आणि लहानपणी गणित शिकवायचो तसा एकेक मुद्दा बजावला. जायचं. नाही गेलास तर तिथेच संपलं. पण जाऊन काही करायचं नाही. नुसतं बसायचं.

“नुसतं म्हणजे?”

“नुसतं म्हणजे नुसतं. आभाळ कोसळलं तरी खुर्चीवरून उठू नकोस. दीड महिन्यात दाव्याची सुनावणी आहे, तोवर कळ काढ.”

“अरे, पण दादा, बसून बसून करू काय?”

“श्वास घे,” मी म्हटलं. तो हसला. मी हसलो नाही.

तो जाऊ लागला. संध्याकाळी परतायचा तेव्हा मशीनवरून यायचा त्याहून थकलेला असायचा. सांगायचा, खोलीत एक उंच खिडकी आहे, खुर्चीवर बसलं की तिच्यातून काही दिसत नाही. भिंतीला पिवळा रंग दिलाय, त्यात ब्रशचे केस चिकटलेत, ते सदतीस आहेत. जेवणाच्या सुट्टीत मंडळी त्याच्याशी बोलायची बंद झाली होती. बावीस वर्षांचे दोस्त. फुकट पगार खातो असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटावं हाही त्या खोलीचा एक उपयोग होता. तो मी मालकांना तोंडी सांगायचो, कागदावर लिहायचो नाही.

“मला लाज वाटते रे,” धाकटा म्हणाला. “फोरमन समोरून जातो आणि मान वळवतो. मी काय चोरी केली?”

“कळ काढ,” मी म्हटलं.

त्यानं अकरा दिवस कळ काढली. बाराव्या दिवशी माल भरायच्या फाटकाशी ट्रक उभा होता, दोन माणसं गैरहजर होती, आणि खोक्यांचे गठ्ठे चढवता चढवता बाकीच्यांची दमछाक चालली होती. धाकटा लघवीला म्हणून खोलीबाहेर पडला, ते सगळं बघितलं, आणि सरळ रांगेत जाऊन उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. वीस मिनिटं त्यानं गठ्ठे चढवले. मग फोरमन त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आलास होय माणसांत!” हे त्यानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फाटकावर कॅमेरा असतो हे त्याला बावीस वर्षं माहीत होतं. पण आपण माल चढवतोय, कोणाचं काही लुबाडत नाही, मग लपवायचं कशाला, असा त्याचा हिशेब.

“दुखलं का?”

“घरी आल्यावर जीव गेला,” तो म्हणाला. “तिथे नाही जाणवलं.”

दर दुसऱ्या शुक्रवारी कारखान्याकडून कॅमेऱ्याचं चित्रण मागवायचं, हा आमच्या ऑफिसचा शिरस्ता. सोमवारी टाचणी माझ्या टेबलाशी आली. “सर, फाईलला लावायच्या आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं.” आवाज हळू होता. मुलगी वाईट नाही.

मी बघितलं. माझ्या डोळ्यांना सवय आहे. धाकट्याचं उजवं कोपर वीस मिनिटं बरगडीपासून सुटलेलं नव्हतं. सगळं वजन डाव्या हातावर, उजवा नुसता टेकू. दुखणारा माणूस असाच उचलतो. पण सवय नसलेल्याला काय दिसणार? दोन हात, गठ्ठा, ट्रक.

“हे बाजूला ठेवता येईल?” मी विचारलं.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ठेवते की. तुम्ही तसं लिहून देता का, सर?”

तोंडी काही करायचं नाही, सगळं लेखी घ्यायचं, हे मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लिहून दिलं असतं तर माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली असती. मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता, बायकोची औषधं, सगळं त्या अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, “राहू दे. लाव फाईलला.” कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, अर्थासकट, आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी धाकट्याकडून मी उत्तरं घोकून घेतली. उजवा हात चालतो का? नाही. गठ्ठा कसा उचललास? डाव्या हातानं. मग उजवा काय करत होता? नुसता टेकू होता. दुखलं का? खूप. भावजय अधिकाऱ्याच्या जागी बसून प्रश्न विचारत होती, तो शाळकरी पोरासारखा उत्तरं देत होता, आणि सगळं बिनचूक होत होतं. ऑपरेशनच्या चार महिन्यांतले सोळा दिवस उरले होते.

सुनावणीची खोली लहान होती. अधिकारी बाई होत्या. शांत, सर्दीनं बेजार, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. एका बाजूला टाचणी आणि कारखान्यातर्फे आलेला फोरमन, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि भावजय. मी रजा टाकून मागच्या बाकावर बसलो होतो. पडद्यावर चित्रण लावलं. धाकट्यानं स्वतःला गठ्ठे चढवताना बघितलं, आणि मला त्याच्या पाठीवरूनच कळलं की गडबड होणार. तो ताठ झाला होता.

“हा तुमचा उजवा हात,” बाई म्हणाल्या. “काम करतोय ना हा?”

धाकट्यानं फोरमनकडे बघितलं. कित्येक दिवसांनी फोरमन मान न वळवता त्याच्याकडे बघत होता.

“करतो की,” धाकटा म्हणाला. “बावीस वर्षांत कामाला कधी नाही म्हटलेलं नाही मी. विचारा यांना.”

भावजयीनं त्याचा शर्ट मागून ओढला. फोरमननं मान डोलावली. बाईंनी काहीतरी लिहिलं, आणि मी उभा राहिलो.

“तुम्ही कोण?”

“याचा मोठा भाऊ. आणि मालकाच्या बाजूनं हा दावा बघणारं जे ऑफिस आहे, मी तिथेच असतो.” टाचणीनं मान खाली घातली. मी म्हटलं, “बाई, त्याचं कोपर बघा. ते एकदाही अंगापासून सुटलेलं नाही. त्याला दुखतंय. तो मोठेपणानं बोलतोय, याच्यावर जाऊ नका.”

बाईंनी चित्रण मागे नेऊन पुन्हा लावलं. दोनदा. तिसऱ्यांदा थांबवून जवळून बघितलं. भावजयीनं माझ्याकडे वळून बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत आशा होती. ती मी निर्माण केली होती, हे मी विसरू शकत नाही.

“दिसतंय असं म्हणता येईल,” बाई नाक पुसत म्हणाल्या. “पण मला एक सांगा. तुम्हाला यातला अनुभव आहे. हेच चित्रण दुसऱ्या कोणाच्या फायलीत आलं असतं, तर तुम्ही त्यावर काय शेरा मारला असता?”

खोटं बोलता आलं असतं. पण या टेबलावरून माझ्या हस्ताक्षरातल्या शेकडो फायली गेल्या होत्या, आणि अशी चिकटलेली कोपरं मी त्यांत किती वेळा बघून गिळली होती ते टाचणीलाही ठाऊक होतं. बाई वाट बघत होत्या. त्यांना उत्तर माहीत होतं.

“काम करण्यास सक्षम,” मी म्हणालो.

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. दहा मिनिटांत दावा नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर धाकट्यानं मोठा श्वास सोडला. “सुटलो एकदाचा त्या खोलीतून,” तो म्हणाला. “खरं सांगतो दादा, आणखी एक आठवडा तिथे काढला असता ना, तर वेडाच झालो असतो. आता उद्यापासून मशीनवर लावतील ना मला?”

उद्या काय होणार ते मला पाठ होतं. फोरमन त्याला रोल चढवायला सांगणार, हात खांद्याच्या वर जाणार नाही, आणि दुपारपर्यंत ‘कामास असमर्थ’ असा कागद तयार होणार. सक्षम म्हणून भरपाई नाही, असमर्थ म्हणून नोकरी नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. त्या कागदाचा मसुदाही माझ्याच हातचा होता.

“लावतील,” मी म्हटलं.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” तो बायकोला म्हणाला.

त्याच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण सुटलं होतं. तो डाव्या हातानं चाचपडत होता आणि ते काजात जात नव्हतं. भावजयीनं त्याचा हात बाजूला केला, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत बटण लावलं, कॉलर सारखी केली. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, यापुढे तुम्ही आमच्याकडे येऊ नका.”